भांगाचा चांद

चंद्राला कामाला लावणारी बाई अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच आहे आणि ती माझी विहीण आहे. बाकीचे लोक चंद्राकडे बघून सुस्कारे सोडतात, फार तर संकष्टीला त्याची वाट बघत उपाशी बसतात. माझी विहीण त्याची हजेरी घेते. तो उशिरा उगवला तर तिला राग येतो, ढगाआड गेला तर ती त्याला मोठ्यानं झापते, आणि फोटोत तो हलला तर चूक त्याची असते, तिची कधीच नसते. मी डोंबिवलीत फोटोप्रिंट, झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान चालवते. दिवसभर लोकांचे पासपोर्ट साइज चेहरे कापून कापून मला कुठल्याच चेहऱ्याचं अप्रूप उरलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी जे कौतुक करणार आहे ते नीट तपासून केलेलं आहे हे लक्षात येईल.

विहीणबाई बाळकुमच्या कोळी घरातल्या. वडिलांची होडी होती, खाडी होती, जाळी होती. आता त्या जागेवर टॉवर आहेत आणि त्यातल्याच एकाच्या अकराव्या मजल्यावर त्या मुलगा, सून आणि नातीबरोबर राहतात. सून म्हणजे माझी मुलगी. होडी गेली, पण खाडीचं पंचांग विहीणबाईंच्या डोक्यातून गेलेलं नाही. लग्नाच्या बोलणीत गुरुजींनी मुहूर्त काढून दिला, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि या बाई म्हणाल्या, "त्या दिवशी पान्याचा काय?" हॉलमध्ये पाण्याची सोय आहे, टँकरही सांगता येईल, असं मी घाईघाईनं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. मग समजावलं. पुनवेला आणि अवसेला खाडीला मोठी भरती येते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, ते भांगाचे दिवस. भांगात मासळी लागत नाही, जाळी रिकामी येतात, म्हणून भांगात काही चांगलं सुरू करायचं नाही. "अष्टमी हाय, ईनबाय. पानी मेलेला हाय. मेलेल्या पान्यावर पोरांना उभी करू?" लग्न पौर्णिमेच्या अलीकडे झालं. गुरुजींना दुसरा मुहूर्त शोधावा लागला आणि तो सापडलाही.

दुर्बिणीची गोष्ट अशी, की ती आणली जावयानं, नातीच्या वाढदिवसाला. लहानशी, टेबलावर ठेवायची. दोन संध्याकाळी सगळ्यांनी आळीपाळीनं डोळा लावला, तिसऱ्या दिवशी ती माळ्यावर गेली. दिवाळीच्या साफसफाईत विहीणबाईंनी ती खाली काढली, पुसली आणि जाहीर केलं, "वापराची नाय तर घेतली कशाला? आता ही माझी." तेव्हापासून ती त्यांचीच आहे. दुर्बिणीला त्यांनी जुन्या लुगड्याची गोधडी शिवली. नातीला तिला हात लावायचा असेल तर आजीला विचारावं लागतं, आणि आजी आधी हात धुवायला लावते.

पहिला मोठा पराक्रम म्हणजे शनी. त्या थंडीत दिवेलागणीला शनी दक्षिणेकडे दिसत होता. त्याची कडी पहिल्यांदा दिसली तेव्हा त्यांनी गच्चीवरून खाली निरोप पाठवून अर्धी बिल्डिंग वर बोलावली. आणि मग दारात उभं राहून एकेकाला चपला काढायला लावल्या. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "अहो काकी, तो ग्रह आहे, देऊळ नाही." काकी म्हणाल्या, "ग्रहच हाय ना? मंग तुमच्या घरची पत्रिका कोन बिघडवतो? काढा चपला." त्यांनी निमूट काढल्या. मीही काढल्या. थंडगार लादीवर अनवाणी उभं राहून मी आयुष्यात पहिल्यांदा शनी बघितला. फार छोटा होता, पण कडी होती. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. लादीमुळंही असेल.

बघून झालं, आता फोटो काढायचा, हे त्यांनी त्याच रात्री ठरवलं. शिकवायला मोबाइलवरचा एक पोरगा होता, हिंदी-इंग्रजीत बोलणारा. त्याचे व्हिडिओ त्या पूर्ण आवाजात लावायच्या आणि त्याच्याशी भांडायच्या. "बोलतो जास्त, दाखवतो कमी," हा त्याच्यावरचा कायमचा आरोप. तरी त्याचं एकही वाक्य त्यांनी सोडलं नाही. मोबाइल दुर्बिणीच्या डोळ्यापाशी अडकवायचा चिमटा त्यांनी मागवला. चिमटा लावला तर वजनानं दुर्बीण मागं कलंडायला लागली. पोरानं त्यावर महागडं काहीतरी विकत घ्यायला सांगितलं. विहीणबाईंनी माळ्यावरून वडिलांचं जुनं पाग काढलं. पाग म्हणजे हातानं फेकायचं जाळं, त्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. त्यातल्या मूठभर सोडवून त्यांनी दुर्बिणीच्या तोंडाशी जाळ्याच्याच दोऱ्यानं बांधल्या. एक काढून बघितली, एक घालून बघितली, आणि दुर्बीण तराजूसारखी स्थिर झाली.

पुढची अडचण चंद्र सरकतो ही. त्याला मधोमध आणावं, बटणाला हात लावावा, धक्का बसावा, दुर्बीण थरथरावी, आणि ती थांबेपर्यंत चंद्र कडेनं निसटावा. मी म्हटलं, त्याच्या मागं मागं दुर्बीण फिरवत राहा. त्या म्हणाल्या, "मागं धावून कोनी मासा धरतो का? तो येनार तिथं आधी जाऊन बसाचा." म्हणजे दुर्बीण चंद्राच्या थोडी पुढं लावायची, व्हिडिओ सुरू करायचा, हात काढून घ्यायचा आणि गप्प बसायचं. चंद्र आपणहून एका कडेनं आत येतो आणि दुसऱ्या कडेनं जातो. विहीणबाई तेवढा वेळ श्वाससुद्धा बेतानं घेतात. एरवी ही बाई गप्प बसलेली मी पाहिलेली नाही.

अशी सगळी तयारी चालली असताना गुढीपाडव्यानंतर गावची बैठक झाली. नारळी पुनवेच्या मिरवणुकीचा बॅनर ठरवायचा होता. पोरांनी मोबाइलवरून एक चंद्र उतरवून घेतला होता, चांगला मोठा, सोनेरी, पाण्यावर लखलखणारा. विहीणबाई उठून उभ्या राहिल्या. "हा कुठल्या गावचा चांद?" पोरं म्हणाली, "काकी, चांद एकच असतो." "चांद एक, पन बघनारे येगले. आपल्या खाडीवर आपल्या पुनवेला लोकांचा काढलेला चांद लावाचा? मी काढून देते. पुनवेचाच देते. नाय दिला तर परत बैठकीत तोंड उघडनार नाय." ज्यांना हे शेवटचं वाक्य ऐकून आनंद झाला असेल त्यांची नावं मला मुलीनं सांगितली आहेत, पण ती मी इथं देत नाही.

चैत्री पौर्णिमेला पहिला फोटो आला. घेऊन बाई स्वतः दुकानात हजर. मी तो पडद्यावर मोठा केला. पांढराफेक गोळा, आत काही म्हणजे काही नाही.

"भाकरी," मी म्हटलं.

"तुमच्या मशीनची चूक असेल."

"मशीनची नाही. उजेड जास्त घेतलाय, चंद्र जळलाय. मोबाइलमध्ये उजेड कमी करायचा."

वैशाखी पौर्णिमेला त्यांनी उजेड कमी केला. आता भाकरीवर डाग दिसायला लागले, एवढीच प्रगती. तोवर मीही दुकानात गिऱ्हाईक नसताना त्या पोराचे व्हिडिओ बघायला लागले होते. तो घसा फोडून सांगत होता, की पौर्णिमेला ऊन चंद्रावर समोरून पडतं, सावल्या पडत नाहीत, म्हणून खड्डे-डोंगर उठून दिसत नाहीत. शिकणाऱ्यानं अष्टमीचा अर्धा चंद्र घ्यावा. हे मी विहीणबाईंना सांगितलं. त्यांना ते आधीच माहीत होतं. त्यांनी तो भाग ऐकून सोडून दिला होता.

"भांगाचा चांद मिरवनुकीत नेऊ? तुमाला नाय कळनार, ईनबाय. भांग लागला का घरात चूल धड पेटायची नाय. आय माझी कोनाशी बोलायची नाय. तो चांद मना भिंतीवर पन नको."

मी दुकानदार आहे. गिऱ्हाइकाला नको असलेली वस्तू दोनदा सांगावी, तिसऱ्यांदा सांगू नये. मी आणखी एकदा सांगून बघितलं आणि विषय सोडला.

ज्येष्ठाच्या पुनवेला ढग. आषाढीच्या पुनवेला पाऊस असा, की दुर्बीण गोधडीतून बाहेरच आली नाही. बॅनर छापायची वेळ आली. मी फोन केला, वैशाखातला त्यातल्या त्यात बरा आहे, तो टाकते. त्या म्हणाल्या, "नको. भाकरी नको. लोकांचा पन नको. चांदाची जागा मोकली ठेवा."

"मोकळी म्हणजे?"

"गोल काढा. आत काय नको."

तसा बॅनर मी छापला. वर निळं आभाळ, खाली खाडी, होडी, नारळ, आणि आभाळात मधोमध रिकामा पांढरा गोल. नारळी पुनवेला मीही गेले होते. बाया हिरव्यागार लुगड्यांत, सोन्याचा मुलामा दिलेला नारळ ताटात, पुढं बँड, आणि वर ढग इतके की संध्याकाळीच रात्र झाली होती. पोरांना आयतं सापडलं. "ओ काकी, चांद कुठं गेला?" विहीणबाई बॅनरच्या काठीला धरून चालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ढगामागं. वर तरी दिसतो का बघ. जो हाय तोच लावलाय." लोक हसले, त्याही हसल्या. पण खाडीत नारळ सोडताना त्या सगळ्यांच्या मागं उभ्या होत्या, आणि दर वर्षी त्या सगळ्यांत पुढं असतात. त्यानंतरच्या बैठकीला त्या गेल्या आणि, मुलगी सांगते, खरंच तोंड उघडलं नाही. पोरांना सुद्धा चैन पडेना म्हणे.

गोकुळाष्टमीला मी नातीसाठी बाळकुमला मुक्कामाला होते. सकाळी दूधवाला येऊन गेला तेव्हा पाऊस थांबलेला होता आणि आभाळ धुवून वाळत घातल्यासारखं निळं झालं होतं. गच्चीवर कपडे टाकायला गेले तर डोक्यावरून येऊरच्या डोंगराकडे कललेला अर्धा चंद्र, दिवसाउजेडी, पांढरा, स्वच्छ. मी खाली येऊन एवढंच सांगितलं, "वर चंद्र आहे." तिसऱ्यांदा सांगणं मी यात धरत नाही, ही हवामानाची बातमी होती.

विहीणबाई चहाचा कप घेऊन माझ्यामागोमाग वर आल्या आणि कठड्यापाशी उभ्या राहिल्या. खालून लाउडस्पीकर तपासल्याचे आवाज येत होते, कुठंतरी हंडी बांधत होते. पलीकडे खाडीचं पाणी चिखलाच्या मधोमध नुसतं पडून होतं, ना येत होतं ना जात होतं.

"भांग," त्या म्हणाल्या.

मी कपडे पिळत राहिले.

"उधान आला का बा पान्यात. रात नाय, दिवस नाय. आमी पोरी झोपलेल्या असताना जायचा, झोपलेल्या असताना यायचा. उधानात मी बाचा तोंड कधी बघितलाच नाय." चहा गार होत होता. "भांगात घरी असायचा. ओट्यावर बसून जाली शिवायचा. दोरा माझ्या हातात द्यायचा, गाठ मारायला मना तेनीच शिकवली." मग जरा चिडूनच, जणू मीच इतकी वर्षं लपवून ठेवलं होतं, "म्हंजे माझा बा मना भांगातच भेटला की ओ."

त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि दुर्बीण आणायला गेल्या.

नेहमीसारखी शिशाच्या गोळ्या बांधून, चंद्राच्या पुढं जाऊन त्या बसल्या. चंद्र आला आणि गेला. पुन्हा पुढं, पुन्हा आला. खाली गोविंदांची गाणी सुरू झाली तरी त्या हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात आम्ही दोघी व्हिडिओ उघडून बसलो. व्हिडिओतल्या हजारो चित्रांमधली नीट आलेली निवडायची आणि कॉम्प्युटरला ती एकावर एक रचायला लावायची, हे मी तोवर शिकून घेतलं होतं. विहीणबाईंनी सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "टोपलीतली ताजी बाजूला काढतात तसा." तसंच. रचून झालं आणि पडद्यावर चंद्र उमटला. उजेड-अंधाराच्या सीमेवर खड्ड्यांची रांगच्या रांग, प्रत्येकाची कड वेगळी, प्रत्येकात सावली. बोट फिरवलं तर खरचटेल असा. माझ्या दुकानात लोकांनी परदेशातून काढून आणलेले फोटो येतात, मोठ्या कॅमेऱ्यांचे येतात. इतक्या अभिमानानं मी कुठलीच प्रिंट काढलेली नाही, आणि कागद कोणता वापरला ते विचारू नका, सगळ्यात चांगला वापरला.

गावात बॅनर गुंडाळून ठेवला होता. विहीणबाईंनी तो बैठकीत उलगडायला लावला आणि गोलात अर्धा चंद्र चिकटवला. अर्धी जागा मोकळीच राहिली. एक पोरगा म्हणाला, "काकी, पुनवेचा देनार होतात. हा तर अर्धाच." काकींनी तोंड उघडलं. "अर्धा आपला हाय. उरलेला पन आपलाच काढू. घाई हाय का तुला?" सगळे खूष झाले, ते फोटोवर की काकी परत बोलायला लागल्या म्हणून, हे मला सांगता येणार नाही.

तोच चंद्र माझ्या दुकानातही लावलाय, लग्नाच्या आणि बारशाच्या नमुन्यांमध्ये. गिऱ्हाईक विचारतं, कुठून डाऊनलोड केला. मी सांगते, बाळकुम, गच्ची, माझ्या विहिणीनं काढलाय. बहुतेकांना खरं वाटत नाही. मी आग्रह करत नाही, सुट्टे पैसे देते.

विहीणबाई अजून पुनवेच्या मागं आहेत. पण आता भांगाच्या दिवसांत त्या कुठं जात नाहीत. दुर्बीण गच्चीवर मांडून, पागाचं फाटलेलं टोक मांडीवर घेऊन बसतात आणि नातीच्या हातात दोरा देतात. सकाळीच मला फोन येतो. "ईनबाय, आज भांग हाय. घरीच हाव. येता?"

मी दुकानाचं शटर ओढते आणि जाते.