शकुनाची बांगडी

हसीनाबीच्या हाताखालून गेली नाही अशी नवरी त्या काळात धुळ्यात शोधावी लागली असती. आमच्या घरासमोरच तिचं बांगड्यांचं दुकान. अडीच इंच मापाच्या हातात सव्वादोनची बांगडी ती अशी सरकवायची की बाई गप्पा मारत राहायची आणि काम उरकलेलं असायचं. ‘चढत नाही’ हे शब्द आपल्या दुकानात नाहीत, असं ती ऐटीत सांगे. ही ऐट मी पोटभर ऐकली आहे.

तेव्हा मुलगी पाहायला आलेल्या बायका आधी मनगट धरत. बांगडी जितकी लहान तितका हात नाजूक, आणि हात नाजूक म्हणजे मुलगी देखणी. तोच हात पुढे पंधरा माणसांच्या भाकरी थापणार आणि कापूस वेचणार, हे कुणाच्या डोक्यात येत नसे. या अकलेचा मला अजून राग येतो.

१९१२ साली जवळच्या खेड्यातली भिकुबाई आपल्या यशोदाला घेऊन आली. शेतात राबलेली पोर, हात पावणेतीनचा. दोन ठिकाणांहून नकार आलेला, आता चाळीसगावकडचे पाहुणे यायचे होते. भिकुबाईने सव्वादोनच्याच बांगड्या मागितल्या. थोड्या मोठ्या चालतील, असं यशोदा हळूच म्हणाली. पण हसीनाबीला चेव चढला होता. तेल लावून, हाडं चोळून तिने दोन्ही हात भरले. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. खुशीत येऊन हसीनाबीने वर एक सुटी बांगडी शकुनाची म्हणून फुकट दिली, तीही सव्वादोनचीच.

पाहुण्यांना हात फार आवडला. उठताना होणाऱ्या सासूने चांदीच्या गोटांच्या मापासाठी एक बांगडी मागितली. खरं सांगायची ती वेळ होती. भिकुबाईने ती सुटी शकुनाची बांगडी काढून दिली.

लग्नानंतर सासू भरल्या घरात गोट चढवायला बसली. सोनाराने माप तंतोतंत धरलं होतं. तेल झालं, साबण झाला, अंगठ्याजवळची कातडी सोलली गेली. हसीनाबीचा हात सासूला नव्हता, गोट काही चढले नाहीत. पुढे ते धाकट्या जावेच्या हातात गेले. यशोदाला त्या घरात नाव पडलं, ‘खोट्या मापाची’. दूध नासलं तरी तेच, पीठ सांडलं तरी तेच. भिकुबाईने हे रडत सांगितलं, तेव्हा हसीनाबीने सासूचा उद्धार केला. मात्र त्या दिवसापासून शकुनाची बांगडी देणं तिने बंद केलं.

एकोणीस वर्षांनी यशोदाबाई दुकानाची पायरी चढली. हसीनाबीने चेहरा ओळखला नाही, हात ओळखला. सोबत मुलगी होती, प्रमिला. तिचा हातही आईसारखाच रुंद.

“मावशी, सव्वादोनन्या बांगड्या भर. इले दखाले पाव्हना येनार शेतस.” पुन्हा तेच, मुलगी पाहायला पाहुणे येणार आणि माप सव्वादोनचं.

हसीनाबीने पोरीचा हात दाबला आणि खाली ठेवला. चढणार नाहीत, असं ती आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली. मोठ्या बांगड्यांची माळ तिने पुढे केली. यशोदाबाईने ती मागे सारली. पोरीला तीन नकार आले होते. आपल्यावर काय काय गुदरलं ते सगळं तिने सांगितलं, अगदी शांतपणे.

“नाव पडनं मावशी, पन घर ते भेटनं ना,” ती शेवटी म्हणाली.

हसीनाबीने तेल घेतलं आणि सव्वादोनच्याच बांगड्यांनी प्रमिलाचे हात भरले. मग बऱ्याच वर्षांनी एक शकुनाची बांगडी काढली आणि यशोदाबाईच्या हातात ठेवली. ती पावणेतीनची होती.

“माप मांगतीन तवय हाई दे,” ती म्हणाली.

यशोदाबाईने ती बांगडी आपल्याच मनगटाशी लावून पाहिली. मग तिने ती पदरात बांधली आणि उठली.

प्रमिलाला गोट पहिल्याच खेपेला चढले, असा निरोप आला. मी हसीनाबीचं कौतुक करायला गेले, तर ती ढसाढसा रडली. एवढंच करायचं होतं, असं म्हणत राहिली. एक मोठी बांगडी द्यायची होती, आणि ती यशोदाच्या वेळीही तिच्या पेटीत होती.