बाईंचा आवाज

इंदूबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. त्यांची भाची मीना दादरहून बोलत होती. "शालूमावशी, मावशी गेली... झोपेतच गेली. त्रास झाला नाही." बाईंनी नव्वदी ओलांडली होती, त्यामुळे हे कधीतरी ऐकावं लागणार हे ठाऊक होतं. तरी रडू आलं नाही. आली ती भीती. आपल्याला एकटं सोडून कुणीतरी बाहेर गेलंय, अशी.

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर बाई वडिलांबरोबर राहायच्या. सकाळच्या शाळेत शिकवायच्या आणि वडील गिरणीत दुसऱ्या पाळीला गेले की रिकाम्या खोलीत आमचा वर्ग भरायचा. आम्ही पाचवी ते सातवीतली मुलं. मराठी शाळेत तेव्हा इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. बाई म्हणायच्या, "आठवीत एबीसीडी गिरवाल आणि मॅट्रिकला आपटाल. आत्ताच सुरू करू." त्यांनी आम्हाला सहावीतच इंग्रजी वाचायला बसवलं, आणि शाळेत अपूर्णांक चालले होते तेव्हा इथे फळ्यावर क्ष आणि य आले. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. जिन्यात एकदा कुणीतरी बोललंच, "आम्ही मराठी राज्य मागतोय आणि ही पोरांना इंग्रजी पाजतेय." बाई खाली मान घालून म्हणाल्या, "राज्य आल्यावर कचेऱ्यांत आपल्या चाळीतली पोरं बसायला नकोत का?" एवढं बोलून त्या आत आल्या आणि घटाघट पाणी प्यायल्या. तांब्या दातांवर वाजत होता. मुळात बाई फार भित्र्या होत्या. रस्ता ओलांडताना आम्हा मुलांचा हात धरायच्या.

शहरात मोर्चे, हरताळ चालू होते, पण त्या दिवशी सकाळपासून सगळं शांत होतं, म्हणून वर्ग भरला. फळ्यावर समीकरण अर्धं झालं होतं आणि खालून पळापळ ऐकू आली. मग घोषणा, काचा फुटल्याचा आवाज, आणि पाठोपाठ गोळीबार. गोळीचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, पण कुणी सांगावं लागलं नाही. बाईंनी आम्हाला दारापासून ओढून मोरीच्या भिंतीशी नेलं. "पालथे पडा. डोकं वर काढू नका." अश्रुधुराने डोळे झोंबायला लागले तशी त्यांनी आपली एक साडी फाडून भिजवली आणि आम्हाला तुकडे दिले. ते वाटता वाटता त्या थबकल्या. "दिनू कुठाय?"

दिनू आमच्याच वर्गातला, समोरच्या चाळीत राहणारा. एका मुलीने त्याला घरून निघताना गॅलरीतून पाहिलं होतं. बाई दाराशी गेल्या. कडी त्यांच्या हातून दोनदा निसटली. मी म्हटलं, "बाई, तुम्ही जाऊ नका ना..."

"मी गेले की कडी लाव, शालू. माझा आवाज ऐकल्याशिवाय कुणालाही उघडू नकोस."

आम्ही वाट बघत राहिलो. किती वेळ, सांगता येणार नाही. धाकटी मुलं रडायचीही थांबली होती. शेवटी दारावर थाप पडली. मी विचारलं, "कोण?" उत्तर नाही. पुन्हा थाप. "बाई, तुम्ही आहात का?" बाहेर कुणीतरी जोरजोराने श्वास घेत होतं, पण बोलत नव्हतं. पोलीस वर चढलेत असं वाटून मी दाराला पाठ लावून उभी राहिले. मग दिनूचा रडवा आवाज आला, "शालू, उघड गं. बाई आहेत... त्यांना बोलता येत नाय."

बाईंचं लुगडं रक्ताने माखलं होतं. ते रक्त त्यांचं नव्हतं, दिनूचंही नव्हतं. दिनू एका हातगाडीखाली सापडला होता. गाडीला लागूनच कुणी एक माणूस गोळी लागून पडला होता आणि पाणी मागत होता. बाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, तो शांत होईपर्यंत. त्याचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही.

बाईंची वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, घशाला काही झालेलं नाही, धक्का बसलाय. संचारबंदी उठली तरी माझी मालवणी आई रोज बजावायची, "चेडवा, भायर जाव नको." मी मात्र जिना चढून वर जायचेच. बाईंनी वर्ग बंद केला नाही. गणित फळ्यावर लिहायच्या, इंग्रजी आम्ही मोठ्याने वाचायचं. चुकलं की त्या खडू फळ्यावर आपटायच्या आणि आम्ही पुन्हा वाचायचो. एका दुपारी दिनू वाचत होता, अडखळत. 'वेडनेसडे' म्हणाला. कोपऱ्यातून घोगरा आवाज आला, "वेन्सडे." आम्ही सगळे वळून बघत राहिलो. हसलं कुणीच नाही. बाई स्वतःच घाबरल्यासारख्या झाल्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "पुढे वाच."

राज्य झालं त्या दिवशी डिलाईल रोडवर फटाक्यांच्या माळा लागल्या. मी पेढे घेऊन वर गेले, तर बाई मोरीच्या भिंतीशी कानावर हात दाबून बसलेल्या. मी शेजारी बसले. "बोल काहीतरी," त्या म्हणाल्या. मी बोलत राहिले, सुचेल ते. पुढे मी बँकेत लागले, बाई दादरला भाचीकडे गेल्या, पण हे चालूच राहिलं. दिवाळी असो, विसर्जन असो, फटाके सुरू झाले की मी बाईंना फोन करायचे. भाजी काय केली, गुडघे कसे आहेत, असलंच काहीबाही बोलायचो. बाईंना धीर देते, असं मी आयुष्यभर समजत होते.

परवा गल्लीतून गणपती निघाला आणि माळ कडाडली. बाई नाहीत हे आठवायच्या आत माझ्या बोटांनी नंबर लावला होता. मीनाने उचलला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "फटाके वाजतायत ना तिकडे? मावशी अशा वेळी फोनजवळून हलायची नाही. म्हणायची, शालू फार घाबरते, तिचा फोन येईल."

मी खुर्चीत बसले. बाहेर दुसरी माळ लागली होती.

"बोला मावशी," मीना म्हणाली, "मी आहे इथे."