सलाइनच्या नळीतली गाठ

झाडावरची बाई, आपोआप वाजणारी घंटा... असलं काही आमच्या वर्तमानपत्राच्या डेस्कवर आलं की ते कापून टाकण्याचं काम गेली अठरा वर्षं माझ्याकडे आहे. अशा गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. आजही आहे, असं म्हणवत नाही. जे पाहिलं ते क्रमाने लिहितो.

ठिकाण: उधना, सुरत. कापड विणणाऱ्या लूमच्या शेडला लागून असलेला एक लहान खाजगी दवाखाना, पहिल्या मजल्यावर चार खाटांचा वॉर्ड. गेल्या उन्हाळ्यातला मंगळवार. दोन खाटा रिकाम्या होत्या. खिडकीशी माझी आई — वय बहात्तर, हृदय अशक्त. समोर एकनाथकाका, अमळनेरकडचे, सगळं आयुष्य लूमवर गेलेलं. लकव्याने उजवी बाजू गेलेली, शुद्ध नाही. सुई उपसू नये म्हणून डावं मनगट बँडेजने खाटेच्या दांडीला बांधलेलं. पण त्या हाताची बोटं थांबत नसत. चिमटीत काहीतरी धरायचं, वळवायचं, ओढायचं... पुन्हा तेच.

"आठ दिनपाईन तुटेल दोरा बांधी राह्यनात," त्यांची बायको, सुमनकाकू, मला म्हणाल्या होत्या. "ओव्हरटाइम!" आणि स्वतःच हसल्या होत्या.

आईला सलाइन चालू होतं. ज्योती सिस्टर घड्याळ धरून थेंब मोजत — मिनिटाला पंधरा. बाटलीवर चिकटपट्टी लावून तासातासाच्या खुणा करत. स्टँडचा हुक तुटका होता, म्हणून बाटली पट्टीने घट्ट बांधलेली होती.

"भाऊ, नळीवरच्या चाकीला हात लावायचा नाही हं," त्यांनी सकाळीच बजावलं होतं. "इथे प्रत्येकाला पाळीवर जायची घाई. चाकी सोडतात आणि बाटली अर्ध्या तासात संपवतात. आजींचं हृदय तेवढं पाणी ओढणार नाही, फुफ्फुसात भरेल."

"मी काय लूमवर जातो का, सिस्टर?"

"पाळी तर तुम्हालाही आहे ना?"

होती. तीन वाजता, पर्वत पाटिया भागातल्या ऑफिसात. आणि बाटली पाचपर्यंत चालणार होती. तोवर कुणीतरी पेशंटजवळ बसायचं, हा तिथला नियम.

सव्वा वाजता सिस्टर खाली ड्रेसिंगला गेल्या. काकू कपड्यांची बादली घेऊन निघाल्या. आई झोपली होती. मी नळीवरची चाकी सैल केली — थोडीच, असं तेव्हा वाटलं. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. बोलत बोलत जिना उतरलो आणि समोरच्या लॅबमध्ये आईच्या रिपोर्टसाठी रांगेत उभा राहिलो. फोन संपला, रांग संपली, रिपोर्ट हातात आला, आणि मग लक्षात आलं की चाकी किती सोडली ते मी पाहिलंच नव्हतं.

धावत वर आलो तेव्हा दोन वाजायला तीन मिनिटं होती. आई झोपलेली, श्वास शांत. चाकी पूर्ण उघडी. आणि पाणी बरोबर दोनच्या खुणेवर.

चाकीखाली वीतभर अंतरावर नळीला एक गाठ होती. लहान, चपटी.

मी सिस्टरना हाक मारली. त्यांनी आधी आईची नाडी पाहिली, मग घड्याळ धरलं. "पंधरा," त्या म्हणाल्या. मग गाठीवरून बोट फिरवलं. "ही लूमवरची गाठ आहे. माझे पप्पा अशीच मारतात."

नळीचं एक टोक बाटलीत, दुसरं आईच्या हातात. एक टोक सोडवल्याशिवाय तिला गाठ मारता येत नाही. बाटलीची पट्टी तशीच होती. मनगटावरच्या चिकटपट्टीवर सिस्टरनी लिहिलेली सकाळची वेळ अखंड होती. नळीत हवा नव्हती, रक्त नव्हतं. वॉर्डाला वाट एकच, आणि जिन्यात कॅमेरा आहे. चित्रण मी त्याच संध्याकाळी पाहिलं. एक अठराला मी बाहेर पडतो, एक सत्तावन्नला परत येतो. मधल्या वेळात कुणीही वर गेलेलं नाही.

मला काकूंचं बोलणं आठवलं म्हणून समोर पाहिलं. एकनाथकाकांची बोटं थांबली होती.

काकू परतल्या तेव्हा सिस्टर नळी बदलत होत्या. कापलेला तुकडा काकूंनी हातात घेतला, उजेडात धरला. "हाई तर त्यासनी गाठ शे," म्हणाल्या. मग नवऱ्याच्या खाटेशी जाऊन बसल्या आणि त्यांच्या बांधलेल्या मनगटाची पट्टी सोडली. कुणी अडवलं नाही. पाच वाजून वीस मिनिटांनी काका गेले.

डॉक्टरांनी गाठीला महत्त्व दिलं नाही. "नळी पिळली असेल." त्यांचा राग उघड्या चाकीवर होता, आणि तो सगळा ज्योती सिस्टरवर निघाला. वॉर्डात, माझ्यासमोर. त्या खाली बघत उभ्या होत्या. नंतर मला हळूच म्हणाल्या, "भाऊ, मी चाकी तपासूनच खाली गेले होते. कुणी फिरवली, तुम्ही पाहिलंत?"

"नाही," मी म्हणालो.

पुढच्या सोमवारी आईला घरी नेलं, तेव्हा ज्योती सिस्टर तिथे कामाला नव्हत्या. कुठे गेल्या, कुणी सांगितलं नाही. मीही फार विचारलं नाही.

आई बरी आहे. नळीचा तो तुकडा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. दोन डॉक्टरांना दाखवला, लूमच्या एका कारागिरालाही. गाठ कशी पडली हे कुणाला सांगता आलं नाही, मलाही येत नाही. या सगळ्यात कारण ठाऊक असलेली गोष्ट एकच आहे — चाकी कुणी फिरवली. ती आज पहिल्यांदा लिहिली.