मिनूने मोजलेले अकरा ठोके

मी कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. कुणी म्हणालं, आमच्याकडे पंखा आपोआप फिरतो, तर मी टेस्टर घेऊन जातो आणि दर वेळी काहीतरी सापडतंच. कुठे लूज वायर, कुठे भिंतीला ओल. त्यामुळे अशा अनुभवांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अजूनही नाही म्हणा... ही एक गोष्ट सोडून.

आम्ही देवासचे. बाबा अकोल्याहून इथे नोकरीला आले आणि इथलेच झाले. माझी शाळा हिंदीत झाली, तेव्हा भाषेत काही चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या. घरात आई, बाबा, मी आणि माझ्याहून सात वर्षांनी धाकटी मृणाल, म्हणजे मिनू. दीड वर्षाची असताना तापात तिचे दोन्ही कान गेले. पूर्ण. पाठीमागे कुकरची शिट्टी झाली तरी ती वळून बघायची नाही. आठवीनंतर तिची शाळा सुटली ती सुटलीच.

दोन हजार एक-दोनच्या सुमारास मला डीजे व्हायचं वेड लागलं होतं. माझा मावसभाऊ विनय इंग्लंडमध्ये नोकरीला होता. तो तिकडच्या नव्या-नव्या सीड्या पाठवायचा — ड्रम अँड बेस आणि जंगल नावाच्या संगीताच्या. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांना सांगतो : ड्रमचे तुकडे करून प्रचंड वेगात जोडलेले, आणि त्याखाली असा बेस की कानाआधी छातीला कळतो. तिकडे यावर हजारो पोरं नाचायची. इकडे मी मित्राच्या लग्नात एकदा लावलं, तर नवरदेवच जवळ येऊन म्हणाला, "भिया, सीडी अटक रई है क्या?"

घरात हे संगीत आवडायचं फक्त मिनूला! स्पीकरच्या खोक्यावर दोन्ही तळवे ठेवून, डोळे मिटून तासन्‌तास बसायची. मग अनवाणी उभी राहून नाचायची आणि ताल कधी चुकायची नाही. यात चमत्कार काही नाही. बेस फरशीतून पायांना कळतो.

चमत्कार — किंवा जे काही असेल ते — पुढे आहे.

मे महिन्यात बाबा, मी आणि मिनू धारला आत्याकडे गेलो होतो. दुपारी जेवणं झाल्यावर आत्याने विषय काढला.

"भाऊ, बागलीचं स्थळ आहे. विधुर आहेत, दोन मुलं. घरचं दुकान. मिनूला सांभाळून घेतील."

"वय?" बाबांनी विचारलं.

"चाळिशीला आलेत. पण आपल्या पोरीला तरी कोण देखणा राजपुत्र येणार आहे? उद्या तुमच्यामागे तिला आधार नको का?"

मिनू अठरा वर्षांची होती. मी काही बोलणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "गणपती झाले की कळवतो." त्यांच्या आवाजावरून मला कळलं, होच कळवणार आहेत.

मी चिडून परसात आलो. तिथे मिनू पाण्याच्या रिकाम्या पिंपावर हाताने काहीतरी वाजवत होती. मला पाहताच तिने खुणेने बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. जलद ताल, मग तीन जोरदार ठोके आणि एकदम थांबली. हात वर धरून बोटांनी मोजायला लागली. अकरा मोजले आणि मग दोन्ही हात धाडकन पिंपावर!

मला हसू आलं. या संगीतात सगळं चार, आठ, सोळाच्या हिशोबात चालतं. अकरा कुठेच बसत नाही. मी खुणेने सांगितलं, चुकलीस. तिने जोरात मान हलवली आणि तीनदा वाजवून दाखवलं. तीनही वेळा अकराच. कुठलं गाणं, विचारलं, तर मी सगळीकडे बरोबर न्यायचो त्या सीड्यांच्या बॅगेकडे बोट. प्रत्येक गाणं कुठे थांबतं, कुठे उसळतं हे मी एका वहीत लिहून ठेवायचो. तिच्या समाधानासाठी त्यात हेही लिहिलं : 'मिनू — तीन जोरात, अकरा गप्प, मग सगळं एकदम.' देवासला येऊन एकूण एक सीडी तपासली. असं गाणं एकातही नव्हतं.

गणपतीत आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता, रविवारी दुपारी चारला. मंडळाच्या काकांनी मला शेवटची पंधरा मिनिटं दिली होती, तीही उपकार केल्यासारखी. शनिवारी संध्याकाळी विनयचं पाकीट आलं. आत एकच सीडी, वर नाव नाही. सोबत चिठ्ठी : 'माझ्या मित्राने बनवलंय, अजून बाजारात आलेलं नाही. फ्लोअरवर वाजव आणि लोक काय करतात ते कळव.'

माझं सामान तोवर हॉलवर जाऊन कुलुपात पडलं होतं, घरात दुसरा प्लेअर नव्हता. म्हणजे ती सीडी मीसुद्धा ऐकली नव्हती. न ऐकलेलं गाणं लावणं म्हणजे मूर्खपणा, पण मला दम धरवेना.

रविवारी सुरुवातीला दोन ओळखीची गाणी लावली, पोरं-पोरी फ्लोअरवर आली. मग ही नवी सीडी. मिनू चपला काढून मधोमध गेली. आई लांबून मला डोळ्यांनी दटावत होती, लोक हसतील. पण गाणं जोरदार होतं, पहिल्यांदाच कुणी जेवणाच्या रांगेकडे पळालं नाही.

आणि तीन जोरदार ठोके आले... आणि सगळं बंद.

मला वाटलं, सीडी अडकली. पोरं ओरडायला लागली. मी बटणाकडे हात नेला आणि समोर पाहिलं. मिनू माझ्याकडे तळहात रोखून उभी होती — थांब! दुसऱ्या हाताची बोटं मोजत होती. सहा... सात... स्पीकर मेल्यासारखे गप्प, फरशीत काही नाही. नऊ... दहा... मला वहीतली ती ओळ आठवली आणि हात जागीच राहिला.

अकराला तिने पाय आपटला. त्याच क्षणी बेस कोसळला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि अख्खा हॉल तिच्यामागे उसळला.

दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून विनयला फोन केला. त्याने मित्राला विचारून सांगितलं, गाणं ऑगस्टमध्ये केलंय. मे महिन्यात त्यातलं काहीच नव्हतं. आणि ती मधली शांतता? "अरे, त्याचा कॉम्प्युटर हँग झाला होता. गॅप चुकून पडली. त्याला आवडली म्हणून ठेवली."

मिनूला मी कागदावर लिहून विचारलं, तुला कसं कळलं? तिने हिंदीत लिहिलं, 'दादा, तूने पहले बजाया तो था.'

मी वाजवलं नव्हतं. कुणीच वाजवलं नव्हतं.

बागलीला बाबांनी नकार कळवला. मिनू इंदूरला मूकबधिर मुलांच्या शाळेत गेली, पुढे शिकली. आज ती धारला अशाच मुलांना नाच शिकवते. गंधवानीकडच्या आदिवासी पाड्यांमधूनही मुलं येतात. आत्या दर वर्षी पहिल्या रांगेत बसून कार्यक्रम बघते.

इतक्या वर्षांत मी सगळे तर्क लावून पाहिले. योगायोग म्हणावा, तर अकराच का? ज्यांना काही सुचत असेल त्यांनी जरूर सांगावं.

मिनूला मात्र यात काही विशेष वाटत नाही. त्या दिवसातली तिला आजवर न उलगडलेली गोष्ट वेगळीच आहे. तो बेस कोसळल्यावर आमचे बाबा — स्वतःच्या लग्नाच्या वरातीतही न नाचलेले — खुर्चीवरून उठले, बूट काढले, फ्लोअरवर तिच्यासमोर आले आणि गाणं संपेपर्यंत वेड्यासारखे नाचले. आजही आठवण निघाली की ती हातांनी त्यांची नक्कल करते आणि डोळे मोठे करून मला खुणेने विचारते — हे कसं झालं?