शंभर लिही

श्रीहरी सरांच्या वर्गात पाणी नेहमी शंभर अंशांवर उकळायचं. थर्मामीटरचं मत निराळं असायचं, पण त्याला विचारतो कोण? तो दरवर्षी सत्त्याण्णव आणि अठ्ठ्याण्णवच्या मधे कुठंतरी अडेलतट्टूसारखा थांबायचा. पाणी आटून अर्ध्यावर आलं तरी पुढं सरकायचा नाही. मग सर हातावरचा खडू झटकत म्हणायचे, शंभर लिहा. पोरं शंभर लिहायची, घंटा व्हायची आणि पुढच्या तासाची वह्या-पुस्तकं बाहेर निघायची.

सरांचं म्हणणं असं की खोट थर्मामीटरमध्ये आहे. शाळेला मिळणारा माल तो, स्वस्तातला. मधल्या काळात जुने फुटले, नवे आले, ते फुटले, आणखी नवे आले. सगळे सत्त्याण्णवाच्या पुढं जायला नाराज. सरांनी त्या कारखानदारांना मनातल्या मनात चार शिव्या दिल्या आणि विषय संपवला. विषय संपवायची त्यांना आता सवय झाली होती.

तसे ते मुळात असे नव्हते बरं. हुबळीत लॅमिंग्टन रोडच्या आतल्या अंगाला असलेल्या या कन्नड शाळेत ते लागले, तेव्हा धारवाडहून येताना त्यांच्या पिशवीत डब्याशेजारी काय काय असायचं. गंजलेले खिळे, लिंबं, फुगे, मोड आणायला भिजवलेले हरभरे. एक वाटी उजेडात ठेवा, एक कपाटात, आठवड्यानं बघू काय होतंय, असं म्हणायचे आणि स्वतःच दुसऱ्या दिवशी चोरून कपाट उघडून बघायचे. पुढं मतदार याद्या आल्या, जनगणना आली, घरोघरचं सर्वेक्षण आलं. दुपारच्या जेवणातली अंडी किती, केळी किती, कुणाला चिक्की, हे सगळं मोबाईलमध्ये भरणं आलं. आणि सगळ्यांच्या वर पोर्शन. पोर्शन संपला का, एवढंच सगळे विचारतात. पोरांना काही कळलं का, असं सरांना नोकरीत कुणी विचारल्याचं आठवत नव्हतं. माणूस दमतो. दमलेल्या माणसाला आधी माहीत असलेलं उत्तर फार बरं वाटतं.

वनिता ही नववीतली मुलगी. बाप नागोजी गवंडी, आई शेवंता त्याच्याच हाताखाली घमेली उचलायची. गाव अळणावरच्या बाजूचं. उणकलला तळ्याच्या अलीकडं ज्या नव्या इमारती उठतायत, त्यातल्या एका कामावर पत्र्याच्या खोलीत तिघं राहत. वर्ग कन्नडमधून चाले, वनिताचं कन्नड सरांपेक्षा चांगलं होतं, पण शंका विचारायची झाली की ती मराठीत विचारायची. शंका घरच्या भाषेतच येतात बहुतेक. आणि तिला शंका फार यायच्या.

उन्हाळ्यात ती इमारत पुरी होणार होती. मग नागोजी दुसरं काम निघेल तिकडं बिऱ्हाड उचलणार, आणि वनिताची शाळा तिथंच राहणार. त्याला एकच तोड होती. जिल्ह्याच्या विज्ञान स्पर्धेत ती निवडली गेली आणि बेंगळुरूला जाणार असं ठरलं, तर संस्था तिला दहावीपर्यंत वसतिगृहात ठेवून घ्यायला तयार होती. हेडमास्तरांनीच तसं कबूल केलं होतं. नागोजी एकदा कामावरून तसाच, सिमेंटच्या हातांनी शाळेत आला आणि दाराबाहेर उभा राहूनच त्यानं विचारलं, पोरीचं जमेल का. जमेल, असं सर म्हणाले. म्हणायला काय जातंय, असंही त्यांना आतून वाटलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

प्रयोग साधाच निवडला होता. एका बीकरमध्ये नुसतं पाणी, दुसऱ्यात मूठभर मीठ घातलेलं, दोन्ही उकळायचं आणि मिठाच्या पाण्याला जास्त तापावं लागतं हे दाखवायचं. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळा म्हणवणाऱ्या त्या खोलीत वनिता दिवा पेटवायची आणि सर खुर्चीत बसून सर्वेक्षणाची नावं भरायचे. नुसतं पाणी सत्त्याण्णवाच्या पुढं जाईना. सर न बघताच म्हणाले, शंभर लिही.

तिनं लिहिलं नाही. कपाटातले उरलेले दोन थर्मामीटर काढले. मग नळाचं पाणी टाकून बोअरचं घेतलं. मग थर्मामीटर बुडाला टेकतोय का ते बघितलं, वर धरला, मधे धरला. सरांनी हे सगळं चष्म्याच्या वरून पाहिलं आणि परत मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या सोडावाल्याकडून प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ घेऊन आली.

"सर, बर्फात बरोबर शून्य दाखवायलंय," ती म्हणाली. "खोटं असतं तर इथं पण खोटं बोललं असतं की."

पंचवीस वर्षांपूर्वी कुणी पोरानं असं केलं असतं तर सरांनी त्याला उचलून घेतलं असतं. आता त्यांना फक्त साडेपाचची गाडी दिसत होती. पारा खाली असतो तोवर बरोबर असतो आणि वर चढला की चुकायला लागतो, माणसांचंही तसंच असतं, असं काहीतरी ते म्हणाले. वनिता हसली नाही.

"मग खरंच शंभरावरच उकळतंय का सर?"

"जगात सगळीकडं शंभरावरच उकळतं."

"मग प्रयोग कशाला करायचा?"

यावर सरांनी तिला समोरच्या बाकावर बसवलं आणि समजावलं. रागानं नाही, अगदी मायेनं समजावलं. तिथं परीक्षक असतात, त्यांच्या पुस्तकात शंभर आहे, तुझ्या तक्त्यावर सत्त्याण्णव दिसलं की पुढचं कुणी वाचणार नाही. तुला वसतिगृह हवंय ना? मग दोन्ही आकड्यांत अडीच अडीच मिळव. मिठानं जेवढा फरक पडला तेवढा तर तसाच राहतो, कुणाचं काय बिघडतंय? चार माणसांत भांडत बसायचं नसतं. वनितानं मान हलवली, तक्ता पुढं ओढला आणि सुबक अक्षरात शंभर लिहिलं. बर्फाचं पाणी तिनं खिडकीतून बाहेर ओतलं.

हुबळी-धारवाडमधे ती जलद चिगरी बस सुरू झाली तरी सरांनी रेल्वेचा पास काही सोडला नव्हता. त्या संध्याकाळी धारवाडला उतरल्यावर गुडघा धरला म्हणून ते प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर टेकले. समोर गावाच्या नावाची पिवळी पाटी. नोकरी लागल्यापासून ती पाटी त्यांना रोज दिसत होती, आणि रोज दिसणारी वस्तू माणूस बघत नाही. तीन लिप्यांत धारवाड आणि त्याखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची. सातशेच्या वर मीटर. सरांनी ते एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं.

त्याच आठवड्यात दहावीला त्यांनी टिपण उतरवून दिलं होतं. उंच ठिकाणी हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं, उदाहरण हिमालय, गुण दोन. दरवर्षी देत होते. हिमालय त्यांनी कधी पाहिला नव्हता. धारवाड हुबळीहून वर आहे, गाडी चढ चढून येते, इथली हवा थंड, म्हणून तर पेन्शनर इथं घरं बांधतात, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि हुबळी तरी कुठं समुद्राकाठी आहे? म्हणजे थर्मामीटर इतकी वर्षं खरं बोलत होते. सगळेच्या सगळे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. सर बाकावर बसल्या बसल्या हसले, आणि मग त्यांना आठवलं की स्पर्धा उद्याच आहे.

सकाळी त्यांनी चहाच्या आधी गॅस अडवला. बर्फात घातलेला थर्मामीटर चुकून त्यांच्या डब्याच्या पिशवीतून घरी आला होता. त्यांच्या पत्नी अनसूयाबाई हातात चहापत्तीचा डबा धरून मागं उभ्या. पाण्याला ताप आलाय का, असं त्यांनी विचारलं. पाणी खदखदलं आणि पारा सत्त्याण्णवाच्या जरा पुढं जाऊन थांबला. शाळेतल्यापेक्षा केसभर खालीच, किंवा सरांना तसं वाटलं. त्यांनी सगळं बाईंना सांगितलं, भराभरा, पहिला पगार आणून दिल्यासारखं. बाईंनी नीट ऐकून घेतलं.

"मग इतकी वर्षं मुलांना काय सांगत होता?" त्यांनी विचारलं.

सरांनी थर्मामीटर पुसला. बाईंनी त्याच पाण्यात पत्ती टाकली.

पण खरं सांगायचं तर त्या सकाळी सर बऱ्याच वर्षांनी खुशीत होते. पोरीनं बघितलेला आकडाच तक्त्यावर लिहायचा, आणि खाली कारण लिहायचं: आपलं गाव उंचावर आहे. साऱ्या हॉलमध्ये असं दुसऱ्या कुणाकडं नसणार. परीक्षक खुर्चीतून उठून बघायला येतील. आणि नाही आले तरी तिला कळेल की तिचे डोळे खरे होते. एवढं एक तिला आज सांगितलंच पाहिजे, आजच, तक्ता लावायच्या आधी. त्यांनी नागोजीला फोन लावला. तो लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

स्पर्धा धारवाडातच, सुभाष रोडच्या मागच्या एका शाळेत. वनिताला घेऊन शाळेतल्या दुसऱ्या एक बाई यायच्या होत्या, कारण सरांना त्याच दिवशी सर्वेक्षणाच्या प्रशिक्षणाला हजर राहायचा हुकूम होता. हजेरीपटावर सही करून सटकायचं, असं त्यांनी ठरवलं. सही न करता जावं, होईल ते होईल, हा विचार त्यांना शिवलासुद्धा नाही. तसे ते नव्हतेच. हजेरीपट यायला उशीर झाला. साहेब यायचे होते, मग माईक लागत नव्हता, मग स्वागत. सर दाराजवळच्या खुर्चीत घड्याळ बघत बसले, आणि कागद हातात आल्या आल्या सही करून रिक्षात बसले. तोवर ऊन डोक्यावर आलं होतं.

ते हॉलमध्ये पोचले तेव्हा टेबलांवरचे दिवे विझले होते आणि माईकवरून नावं वाचायचं काम चाललं होतं. वनिताचं नाव दुसरं आलं. बेंगळुरूला जाणाऱ्यांत ती होती. टाळ्या झाल्या. कोपऱ्यात धुतलेल्या शर्टात नागोजी उभा होता. त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसते दोन्ही हात छातीशी धरले. सरांना बघून तो पुढं आला, वाकायला लागला, सरांनी त्याला वरच्या वर धरलं. तुमच्यामुळं झालं सर, असं तो दोनदा म्हणाला. सरांनाही आनंद झाला, खोटं कशाला बोला. पोरीची शाळा वाचली होती.

बरोबर आलेल्या बाई सांगत होत्या, की परीक्षकांनी आकड्यांकडं बघितलंसुद्धा नाही. पोरगी बोलते किती स्पष्ट आणि तक्ता किती टापटीप, याचंच कौतुक करून ते पुढच्या टेबलाकडं गेले. सर ऐकत राहिले. म्हणजे तिथं काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं. सत्त्याण्णवसुद्धा.

वनिता प्रमाणपत्र घेऊन धावत आली आणि सरांच्या पाया पडली. सरांनी तिला बाजूला घेतलं. आवाज खाली आणून ते म्हणाले, "वनिता, तुझाच आकडा खरा होता. थर्मामीटर बरोबर होते सगळे. आपण उंचावर राहतो, म्हणून इथं पाणी सत्त्याण्णवालाच उकळतं. आज सकाळी मी घरी बघितलं. इथं किती आलं होतं?"

वनितानं त्यांच्याकडं पाहिलं. सर आपली परीक्षा घेतायत, असं तिला वाटलं असावं. तिनं इकडं तिकडं बघितलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली आणि समजूतदारपणे हसली.

"मी बघितलंच नाही री सर," ती म्हणाली. "पाणी उकळलं आणि मी शंभर म्हणून सांगून टाकलं. उत्तर माहीत होतं की आपल्याला."

एवढं बोलून ती बापाकडं पळाली. तिच्यावर रागवावं, असं सरांच्या फार मनात आलं. पण रागवायला त्यांना तोंड कुठं होतं?