पलीकडच्या भिंतीवरचा पंजा

पुण्याला समुद्र नाही. नदी आहे, पण तिच्यात पाय बुडवायची इच्छा व्हावी अशी तिची अवस्था आमच्या लहानपणीही नव्हती. आमच्या वस्तीच्या वाट्याला आला तो कॅनॉल. धरणातून निघायचा, शहराच्या मधून वाहायचा आणि पार दौंड-इंदापूरच्या शेतांना पाणी पोचवायचा. म्हणजे पाणी आमचं नव्हतंच, ते आमच्या दारावरून दुसऱ्याच्या घरी निघालेलं असायचं. एरवी त्यात गाळ, प्लास्टिकच्या पिशव्या आणि एखादी मेलेली घूस. उन्हाळ्यात शेतीसाठी पाणी सोडलं की मात्र तो काठोकाठ भरायचा, आणि वस्तीतल्या पोरांची सुट्टी खरी त्या दिवशी सुरू व्हायची. शाळेनं दिलेली सुट्टी ही आपली नावाला.

माझी सुट्टी कधीच सुरू व्हायची नाही, कारण मला भाऊ होता.

तो जूनमध्ये पहिलीत जाणार होता, म्हणजे चांगला पळता-बोलता घोडा. पण कडेवरून उतरायचं नाव नाही. पाय माझ्या गुडघ्यापर्यंत लोंबायचे. दुसऱ्या कोणी उचललं की रडायचा, आणि ते रडणंही चार पोरांसारखं नाही. तोंड उघडायचं, आवाज बंद, श्वास धरायचा आणि हळूहळू निळं पडायचं. तान्हा असताना एकदा असा निळा पडला तेव्हा त्याला घेऊन आई अनवाणी दवाखान्यात पळाली होती. तेव्हापासून घरात एकच कायदा होता, की याला रडू द्यायचं नाही. तो माझ्याजवळ असला की रडत नाही, हा शोध लागला आणि माझा निकाल लागला. आई सकाळी आणि पुन्हा दुपारी सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करायला जायची, वडील पहाटे मंडईतून भाजी उचलून हातगाडी घेऊन फिरायचे. घरात उरायचो आम्ही दोघं. तेरा वर्षांची मी, आणि माझ्या कमरेला चिकटलेला तो.

कॅनॉल पोहून पलीकडे जाण्याला आमच्याकडे ‘कॅनॉल मारणं’ म्हणत. नुसतं पलीकडे पोचून भागायचं नाही. पोचल्यावर समोरच्या तापलेल्या भिंतीवर ओला पंजा मारायचा, आणि तो वाळायच्या आत अलीकडच्या काठावरून कोणीतरी बघून ‘दिसला’ म्हणून ओरडायचं. मेमधल्या उन्हात पंजा बघता बघता उडून जायचा. कोणी बघितला नाही तर कॅनॉल मारलाच नाही, परत मारायचा. ज्याचा पंजा दिसला तो मोठा. मग त्याला कोणी ‘ए बारक्या’ म्हणायचं नाही. हा नियम कोणी केला होता देव जाणे, पण तो पाळला जायचा, आणि आमच्या वस्तीत पाळला जाणारा तो बहुधा एकमेव नियम होता.

सकाळी काठावर बायका गोधड्या धुवायच्या, संध्याकाळी कॅनॉलवरून आडव्या गेलेल्या पाइपवरून मुलगे उड्या मारायचे. भर दुपारी फरशा एवढ्या तापायच्या की मुलगे मंडळाच्या पत्र्याच्या खोलीत पंख्याखाली कॅरम खेळत पडायचे, आणि तेवढा वेळ पाणी मुलींचं असायचं. अंगावरच्या पंजाबी ड्रेससकट उतरायचं, आया कामावरून यायच्या आत काठावर लोळून वाळायचं. दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी वाहून गेल्याची बातमी यायची. मग आम्ही दोन दिवस शहाण्यासारख्या काठावर बसायचो, तिसऱ्या दिवशी परत पाणी.

अडचण एवढीच की प्रत्येकीच्या कडेवर एक होता. त्यावर समोरच्या घरातल्या माझ्या मैत्रिणीनं तोडगा काढला होता. पाळीपाळीनं एकीनं करंजाच्या झाडाखाली सगळी बारकी पोरं घेऊन बसायचं, बाकीच्यांनी पोहायचं. पहिल्या दिवशी ती बसली, मी माझा भाऊ तिच्याकडे दिला आणि पायरीपर्यंत पोचले, तोच तो निळा पडायला लागला. मी धावत परत. दुसऱ्या दिवशी दुसरी बसली, तेच. तिसऱ्या दिवशी मैत्रीण मला अगदी समजूतदारपणे म्हणाली, “तुझा तर कुणाकडं ऱ्हात न्हाई. तू बसणारच हायस, तर आमची पण बघ की.”

मी बसले. माझा एक आणि बाकीच्यांचे सगळे. एकाला शी यायची, एक माती खायचा, दोघी एकाच बाहुलीसाठी झिंज्या उपटायच्या, आणि आमचे महाराज माझ्या मांडीवर बसून हा तमाशा बघायचे. समोर पाण्यात माझ्या वयाच्या मुली किंचाळत होत्या, एकेकीचा पंजा भिंतीवर उमटत होता, आणि ‘दिसला’ म्हणून ओरडायचं कामही माझ्याकडेच. काठावर दुसरं होतं कोण? मी सगळ्यांचे पंजे पाहिले. मला तेव्हा जो संताप यायचा तो अजून आठवतो. दात आवळून आवळून कानशिलं दुखायची.

आईला सांगून काही उपयोग नव्हता. एकदा सांगून पाहिलं, तर तिनं भाकरी थापता थापता माझ्याकडे बघितलंही नाही. पुढच्या वर्षापासून तू कॅनॉलच्या बाजूला फिरकायचं नाहीस, एवढं मात्र बजावलं. मी आठवीत जाणार होते. आठवीपासून मुलींच्या गणवेशात ओढणी यायची, आणि ओढणी आली की पाणी बंद, हे वस्तीत सगळ्यांना न सांगता माहीत होतं. मैत्रीण माझ्यापेक्षा एका इयत्तेनं पुढे, पण तिची आई तिच्या लहानपणीच गेलेली, त्यामुळे तिला अडवणारं कोणी नव्हतं. तिचीच जुनी ओढणी आईनं माझ्यासाठी आणून खुंटीला टांगून ठेवली होती. म्हणजे माझ्याकडे उन्हाळा हा एकच, आणि त्यातलंही पाणी कधी बंद करतील याचा भरवसा नाही.

तेव्हा मला एक अक्कल सुचली. याला पोहायला शिकवायचं. एकदा पाण्यात रमला की कडेवर कशाला येतोय? मग मी सुटले.

मी ती खुंटीवरची ओढणी काढली, एक टोक त्याच्या कमरेला बांधलं, दुसरं माझ्या मुठीत. पाठीवर तेलाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन. सगळी पोरं अशीच शिकायची. मी स्वतः शेवटच्या पायरीवर कमरेइतक्या पाण्यात उभी, कारण त्यापुढे गेले असते तर मीच बुडाले असते. पण इतके दिवस काठावर बसून मी प्रत्येकीचे हातपाय पाठ केले होते. कोण पाय वाकडे मारते, कोण मान ताठ ठेवून दमते, सगळं. पायरी न सोडता पोहायला शिकवणारी सबंध पुण्यात मी एकटीच असेन.

आणि तो कार्टा शिकला. इतक्या पटकन शिकला की माझा विश्वास बसेना. श्वास धरायची सवय होतीच, तिचा पहिल्यांदा कोणाला तरी उपयोग झाला. डोकं खाली घालून बेडकासारखा जायचा, ओढणी संपली की हिसका बसायचा, वळून हसायचा. कॅनमध्ये आधी थोडं पाणी घातलं, मग जास्त, तरी तो तरंगतच होता. तेवढी दुपार मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण माझा हिशेब चुकला होता. आधी तो कडेवरून उतरत नव्हता, आता पाण्यातून निघेना. आणि पाण्यातल्या पोराची ओढणी धरायला तर माणूस लागतंच. दुसऱ्या कोणी धरली की रडणं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, फक्त आमच्याकडे ते ओलं होतं.

एक दिवस बायका काठावर म्हणू लागल्या की पाणी उतरतंय, आज-उद्यात बंद होणार. खरंच पाण्याची रेघ भिंतीवर हातभर खाली आली होती, ओढही कमी झाली होती. त्या दुपारी मैत्रिणीला माझी दया आली असावी. म्हणाली, आज मी बसते, ओढणी पण मीच धरते, रडला तर रडू दे, तू जा. मी कुडता कमरेशी खोचला, ओढणीचं टोक तिच्या हातात दिलं आणि पायऱ्या उतरायला लागले. मागून रडण्याचा आवाज आला नाही. मला नवल वाटलं म्हणून वळून पाहिलं.

त्यानं कॅन सोडला होता, कमरेची गाठही सोडली होती. कोणाला काही कळायच्या आत माझ्या बाजूनं पाण्यात शिरून मधोमध पोचला होता. मैत्रिणीच्या हातात नुसती ओढणी. तिनं ती टाकली आणि त्याच्यामागे उडी घेतली. मी पायरीवर उभी. पुढे जाता येत नव्हतं, मागे फिरवत नव्हतं. ओरडावं तर तो वळेल आणि लय जाईल, म्हणून मी तोंडावर हात दाबून धरला. जन्मात एवढी घाबरले नाही. तो वाहत वाहत तिरका पलीकडे लागला, भिंतीच्या खाचेत बोटं घातली, वर चढला आणि आपला इवलासा पंजा भिंतीवर मारला. मग माझ्याकडे वळला. तो वाट बघत होता.

“दिसला,” मी म्हटलं. दुसरं काय करणार?

मैत्रिणीनं त्याला पाठीवर घेऊन परत आणला तेव्हा पुलावरून बायका कामावरून येत होत्या, आणि त्यांत आई होती. तिनं खाली येऊन आधी मला मारलं. माझ्या हातात त्याची चड्डी आणि शर्ट होता, त्यावरच मार बसला. मग त्याला उचलून घेतलं, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत सगळ्या वस्तीला समजलं होतं की हिच्या पोरानं एवढ्याशा वयात कॅनॉल मारला. वडिलांनी उरलेली केळी वाटली. एकानंही विचारलं नाही की शिकवलं कोणी. सकाळी उठलो तर कॅनॉलमध्ये गाळ आणि पिशव्या. पाणी बंद झालं होतं. जूनमध्ये मी ती ओढणी धुऊन, इस्त्री करून शाळेत घालून गेले.

याला आता बरीच वर्षं झाली. मी खराडीत एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते. संताप गिळायची सवय असल्यामुळे बढतीही मिळाली. आम्ही भाड्यानं राहतो त्या सोसायटीत पोहायचा तलाव आहे, आणि तलावापेक्षा त्याच्या नियमांची पाटी मोठी आहे. ‘तलाव पोहण्यासाठी आहे, गप्पांसाठी बाके आहेत’ हा त्यातला सर्वांत प्रेमळ नियम. यंदा एप्रिलमध्ये मी बायकांच्या वर्गात नाव घातलं. तरंगायला लागले, हातपाय मारायला लागले, आणि दर वेळी मध्यापर्यंत पोचले की काठावरून आवाज बंद व्हायचा. माझी मुलगी दोन वर्षांची आहे. ती माझ्याशिवाय कोणाकडे राहत नाही. रडताना श्वास धरते. निळी पडते. सासूबाई घाबरून हाका मारतात, मी निथळत्या अंगानं बाहेर. हे कोणाच्या घराण्यातून आलं ते मी नवऱ्याला सांगितलेलं नाही.

परवा रविवारी भाऊ आला होता. बुधवार पेठेत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असतो, पोहण्यात अजून मासा. तलावाच्या काठावर बसून मी त्याच्यापुढे वर्गाचं रडगाणं लावलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

“तुला पोहता येत नाही?”

“कधी शिकणार होते?”

“मला वाटायचं तुझं सगळं मारून झालंय,” तो म्हणाला. “म्हणून तू काठावर बसतेस. सगळ्यांत भारी तूच. तू ‘दिसला’ म्हटल्याशिवाय कोणाचा पंजा धरायचेच नाहीत.”

मला गहिवरून वगैरे आलं नाही. मला राग आला. इतकी वर्षं मी याच्यावर मनातल्या मनात दात खात बसले, आणि याला पत्ताच नाही? याच्या डोक्यात मी त्या कॅनॉलची मालकीण. मी तसं त्याला बोलूनही दाखवलं, जरा जास्तच बोलले. मग त्यानं हात पुढे केले आणि माझ्या कडेवरून मुलीला उचललं. तिनं तोंड उघडलं. आवाज बंद झाला.

“जा तू,” तो म्हणाला. “निळी पडेल, परत लाल होईल. मी काय मेलो?”

मी उतरले. मागे वळले नाही. हात मारले, पाय मारले, मान ताठ ठेवू नकोस, मान ताठ ठेवू नकोस, असं माझं मलाच बजावत गेले. मध्यावर नाकात पाणी गेलं. मागून काहीच आवाज नव्हता आणि मी तरी थांबले नाही. बोटांना कड लागली. मी वर चढून दुपारच्या उन्हात तापलेल्या फरशीवर पंजा मारला, नीट, पाची बोटं पसरून, आणि वळून बघितलं.

तो माझ्याकडे पाठ करून उभा होता. तिला झाडावरची खार दाखवत होता, आणि ती हुंदके देत देत बघत होती. मी हाक मारली, दुसऱ्यांदा जोरात मारली. तो वळला तोवर फरशी कोरडी झाली होती.

“दिसला नाही, ताई,” तो म्हणाला. “परत मार.”

मी त्याला एक शिवी दिली आणि पाण्यात उतरले.