बंपरखालचा आवाज
कूलंटचा गोडसर वास आला की मुलुंडच्या आमच्या सोसायटीचे पार्किंग आठवते. गाडीचा रेडिएटर घरीच बदलण्याचे मी पन्नाशीत मनावर घेतले होते. नवा बसवून झाला होता. खालचा पाइप जोडण्यासाठी मी समोरून बंपरखाली छातीपर्यंत शिरलो होतो. इतक्यात मागून दोन शेजारी आले. “बॉनेट उघडं टाकून साहेब वर गेले वाटतं,” एक म्हणाला. दुसरा हसला, “या वयात मेकॅनिक व्हायचं खूळ! वाट लावणार गाडीची.” संकोचाने मी ते जाईपर्यंत निपचित पडून राहायचे ठरवले. पण त्यांची गाडी माझ्या गाडीमागे अडकली होती, आणि आमच्याकडे गरज पडल्यास कोणालाही ढकलता यावी म्हणून गाडी हँडब्रेक न ओढताच ठेवतात. “न्यूट्रलला आहे ना? लाव रे हात!” चाके हलली, खालचा पत्रा छातीवर घासू लागला. मी ओरडलो असे मला वाटले, प्रत्यक्षात “अहो, जरा थांबता का?” एवढेच पुटपुटलो. अखेर हातातला पाना पत्र्यावर आपटला, तेव्हा गाडी थांबली. “सर, आवाज द्यायचा ना!” मला ओढून काढताना तो हसणाराच म्हणाला. आजही गाडीखाली शिरण्याआधी मी हँडब्रेक ओढतो, आणि मग घसा खाकरून पाहतो.